घर दहा जणांचं, खातं एकाचं

यंदाच्या अंकाचा विषय ‘घरातले आवाज’ असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा जात्यावरच्या ओव्या, भूपाळ्या, देवघरातली घंटा यांवर कुणी ना कुणी लिहीलच, हे मी धरून चाललो. मला ऐकायचा होता घरात सगळ्यांत उशिरा आलेला आवाज: हाक मारली की ओ देणारा स्पीकर. त्यासाठी पुण्या-मुंबईतला फ्लॅट उपयोगाचा नव्हता. तिथे माणसं तीन, तिघंही इंग्रजी बोलणारी, आणि वायफाय आपापल्या खोलीत भरपूर. अशा घरात हे यंत्र छान चालतं, कारण बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तेच घर होतं.

म्हणून कर्जत आणि खालापूर. रायगडच्या या आतल्या दोन तालुक्यांत एका छपराखाली राहण्याच्या तऱ्हा अनेक. कडावच्या बाजूला अजून भावाभावांची एकत्र घरं आहेत. खोपोलीच्या कारखान्यांत कामाला आलेली पोरं चार-पाच जणांत एक खोली घेतात. उल्हास नदीच्या काठाने कोंदिवड्याकडे निघालं की फार्महाऊस सुरू होतात. शनिवार-रविवारी ती मुंबईच्या मालकाची, बाकीचे दिवस राखणदाराच्या कुटुंबाची. स्पीकर तिन्हीकडे पोचला आहे. कंपनी कुठलीही असो, इकडे सगळे त्याला ‘अलेक्सा’च म्हणतात, कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं.

आजीची दुभाषी

कडावजवळचं घर. पुढे पडवी, मागे वाढवलेलं स्लॅबचं बांधकाम, मधल्या भागावर अजून पत्रा. आजी-आजोबा, दोन मुलगे, दोन सुना, चार नातवंडं. थोरला खोपोलीत नोकरीला, धाकटा रोज कर्जतहून लोकलने मुंबईला. थोरल्याच्या बोनसमधून आलेला स्पीकर आधी टीव्हीच्या कपाटावर होता, आता फ्रिजवर आहे. टीव्हीवरच्या मालिकेतलं कुणी काही बोललं की हा मध्येच उत्तर द्यायचा, म्हणून तिथून हलवला.

सकाळी आजींना हरिपाठ लागतो. फ्रिजकडे तोंड करून त्या म्हणाल्या, “हरिपाठ लाव गो.” दिवा लागला नाही. चौथीतली नात दात घासत होती. तिने तोंडातला फेस थुंकला आणि एका दमात ओरडली, “अलेक्सा, हरिपाठ प्ले करो!” लागला.

“माझ्याशी नाय बोलत ती,” आजी मला म्हणाल्या. “पोरांशी बोलते.” तक्रारीचा सूर नव्हता. जी सून आपल्याशी बोलत नाही तिच्याविषयीही त्या याच सुरात बोलल्या असत्या.

अ‍ॅमेझॉनची अलेक्सा भारतात ऑक्टोबर २०१७मध्ये आली ती इंग्रजी घेऊन. हिंदी तिला सप्टेंबर २०१९मध्ये मिळाली. गुगलचा स्पीकर एप्रिल २०१८चा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुगलचा फोनमधला मदतनीस मराठी बोलू लागला आणि जून २०२४मध्ये जेमिनी अ‍ॅपही मराठीसह नऊ भारतीय भाषांत आलं. स्पीकरच्या सेटिंगमध्ये मात्र आपल्याकडे इंग्रजी आणि हिंदी हेच दोन पर्याय. म्हणजे खिशातल्या फोनला मराठी कळते आणि फ्रिजवरच्या डब्याला कळत नाही. परिणाम असा की ज्या घरात कुणी कुणाशी हिंदी बोलत नाही, तिथे एका वस्तूशी सगळे हिंदी बोलतात. गाण्याचं नाव मराठीत चालतं, कारण ते गाण्यांच्या यादीतच असतं. क्रियापद तेवढं हिंदीत घालावं लागतं. नातवंडांना हे व्याकरण कुणी शिकवलेलं नाही.

उद्या मराठी आली तरी कोणती येईल, हे वेगळंच. या पट्ट्यात आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’. डोंगराच्या कुशीत ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत, त्यांच्या बोली आणखी निराळ्या. यंत्र ऐकायला शिकतं ते ध्वनिमुद्रणांवरून, आणि ज्यांची ध्वनिमुद्रणं कमी त्यांचं बोलणं त्याला कमी कळतं. अमेरिकेत २०२०मध्ये मोठ्या कंपन्यांच्या पाच प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्यांच्या बोलण्यात शंभरात सुमारे १९ शब्द चुकत होते, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. भाषा एकच, देश एकच. आपल्याकडे आयआयटी मद्रासच्या ‘एआय४भारत’ या गटाने २२ भाषांमधलं बोलणं १४५ जिल्ह्यांत फिरून गोळा केलं आहे. वाचून दाखवलेलं नव्हे, तर बरंचसं सहज बोललेलं. आजींपर्यंत पोचणारा रस्ता असला तर तो असल्या कामातून जातो.

मोठ्याने बोलायचं म्हणजे

मला वाटलं होतं, घरातल्या बायकांना याचा उपयोग सर्वांत जास्त होत असेल. हात पिठात असतात, फोन हातात घेता येत नाही. थोरल्या सुनेच्या बाबतीत ते खरंच होतं. भाताला बारा मिनिटं, दुधाला सात, अशी ती घड्याळं लावते, आणि घड्याळ वाजलं की पडवीतून आजोबाही ओरडतात, “झाले गं सात!” फोनचा गजर एकाचा असतो, हा सगळ्यांचा. एकत्र घरात यंत्राचा मला दिसलेला सर्वांत चोख उपयोग हाच. महागड्या वस्तूकडून सगळ्यांत साधं काम.

धाकटीचं वेगळं. ती घरात असताना दिवसभर स्पीकरला एक शब्द बोलली नाही. तिला विचारलं तेव्हा हसली. “मामंजी बसलेले असतात. त्यांच्यासमोर मोठ्याने हुकूम सोडायचा म्हणजे कसंतरीच वाटतं. दुपारी सगळे झोपले की लावते गाणी, हळू आवाजात.” पण हळू आवाजात सांगितलेलं त्याला ऐकू जात नाही, म्हणून ती फ्रिजपाशी जाऊन, जवळजवळ त्याच्या कानात सांगते.

हे मी कुठल्याच जाहिरातीत पाहिलं नव्हतं. आवाजाने चालणारं यंत्र म्हणजे सर्वांच्या देखत चालणारं यंत्र. फोनवर बोटाने काहीही विचारता येतं: पाळी लांबली तर काय, कर्जाचा हप्ता चुकला तर काय, दहावीचा निकाल कधी. दहा माणसांच्या घरात हे फ्रिजला कोण विचारणार? म्हणून स्पीकरकडे जातं ते सगळ्यांनी ऐकलं तरी चालेल असंच: आरती, स्कोअर, पाऊस, विनोद. लोकलची वेळ पाहायला तर अजून फोनमधलं एम-इंडिकेटर अ‍ॅपच. आणि हुकूम कोण सोडतं? ज्यांना त्या घरात मोठ्याने बोलायची मुभा आहे ते: पुरुष आणि लहान मुलं. सासऱ्यांदेखत सुनेचा आवाज किती चढावा याचं माप यंत्राने बदललेलं नाही. उलट त्या मापाच्या बाहेर तो डबा चालतच नाही.

सात कान आणि एक पत्रा

आता थोडं आतलं. डब्यात एक लहानसा प्रोग्रॅम सतत एकाच शब्दाची वाट पाहत असतो. तेवढं ऐकणं डब्यातल्या डब्यात होतं. तो शब्द पटला की दिवा लागतो आणि त्यापुढचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातं. तिथे आवाजाची अक्षरं होतात, अक्षरांतून हुकूम शोधला जातो, उत्तर परत येतं. अ‍ॅमेझॉनच्या पहिल्या स्पीकरमध्ये, म्हणजे इकोत, सात मायक्रोफोन होते. आवाज प्रत्येकाशी किंचित वेगळ्या क्षणी पोचतो, त्या फरकावरून बोलणारा कोणत्या बाजूला आहे हे ठरवून बाकीच्या दिशा दाबल्या जातात. स्वतः वाजवत असलेलं गाणंही त्याला वजा करता येतं, कारण आपण काय वाजवतोय हे त्याला माहीत असतं. टीव्ही काय वाजवतोय हे माहीत नसतं. आणि आषाढातला पाऊस पत्र्यावर पडतो तो कुठल्या एका बाजूने येत नाही. छप्परच बोलत असतं. त्या दिवसांत या घरातला स्पीकर जवळजवळ बहिरा असतो, असं थोरल्याने सांगितलं. माणसंही एकमेकांशी ओरडूनच बोलत असतात.

नको तेव्हा ऐकण्याचा त्रास उलटा. ज्या घरात कुणी अलका किंवा लेखा असेल तिथे हा डबा अधूनमधून दचकणार. त्यावर उतारा म्हणजे हाक बदलणे. अलेक्साला ‘इको’ किंवा ‘कॉम्प्युटर’ अशीही हाक लावता येते. जानेवारी २०१७मध्ये अमेरिकेत टेक्ससमधल्या एका सहा वर्षांच्या मुलीने अलेक्साशी बोलता बोलता बाहुलीघर मागवलं. ती बातमी सांगताना सॅन दिएगोच्या टीव्ही निवेदकाने तिचं वाक्य पुन्हा उच्चारलं, आणि प्रेक्षकांच्या घरातले स्पीकरही बाहुलीघर मागवायला निघाले. खरेदीला आकडी कोड लावण्याची सोय असते ती यासाठीच. इथे कोड लावलेला आहे. मुलांना तो पाठ आहे.

आवाज ओळखण्याची सोयही आहे. स्पीकर काही जणांचे आवाज लक्षात ठेवू शकतो. कडावच्या घरात माणसं दहा. कुणाला वगळायचं हा प्रश्न आला नाही, कारण नोंद फक्त थोरल्याने स्वतःची केली आहे. बाकीच्यांना त्याची गरजच कळली नव्हती. गरज मला धाकट्याकडून कळली. गाण्यांची वर्गणी एकच, आणि त्या वर्गणीत एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजतं. संध्याकाळच्या लोकलमध्ये तो कानाला लावून ऐकत असतो. गाणं मध्येच थांबलं की समजायचं, घरी पोरांनी काहीतरी लावलं. “फोन करायला नको,” तो म्हणाला, “शाळेतनं आली म्हणून कळतं.”

खोपोलीच्या पोरांच्या खोलीत यातलं काहीच नव्हतं. तिथे स्पीकर होता, पण ब्लूटूथवर फोन जोडून नुसता वाजवायला. वायफाय घेतलेलंच नाही. प्रत्येकाचा आपापला डेटा. ज्याची कारखान्यातली पाळी संपली त्याला झोपायचं असतं, ज्याची सुरू व्हायची त्याला उठायचं असतं. तिथे बोलकं यंत्र कुणालाच नको होतं.

रेडिओभोवतीचं गाव

बोलणारी पेटी अनेकांत मिळून ऐकण्याचा महाराष्ट्राचा अनुभव जुना आहे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ-मंडळं चालवली. कर्जत तेव्हा कुलाबा जिल्ह्यात, ते या प्रयोगात नव्हतं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. वीसेक जणांनी एकत्र बसून ऐकायचं, मग चर्चा करायची, शंका लिहून केंद्राला पाठवायच्या. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचा अभ्यास केला. त्यात उमेद वाढवणारं बरंच सापडलं आणि १९५९पासून ही कल्पना देशभर गेली.

मला त्यातला चिटणीस महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक मंडळाला एक असायचा. लिहिता येणारा, गावाचा प्रश्न केंद्राला कळेल अशा शब्दांत मांडणारा. रेडिओ गावाचं थेट ऐकू शकत नव्हता, म्हणून हे पद होतं. आजचा डबा थेट ऐकतो, असं आपल्याला सांगितलं जातं. आणि तरी दात घासता घासता चौथीतली मुलगी तेच पद सांभाळते आहे. फरक एवढाच की मंडळाचा चिटणीस नेमलेला असे आणि प्रश्न लिहिण्याआधी वीस जणांत वाद होई. हिला कुणी नेमलेलं नाही. आजींनी हरिपाठ मागितला आणि हिने मधल्या मध्ये कार्टूनचं गाणं लावलं, असंही होतं. आजी ते ऐकून घेतात.

बटण कुठे ठेवू?

खोपोलीत टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५मध्ये सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतलं पाणी नळांतून घाटाखाली उतरवून इथे वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पाठवायची. ते मोठाले नळ आजही डोंगरावर दिसतात. त्यांच्या पायथ्याशी काम करणाऱ्या एका वायरमनसोबत मी काही घरं पाहिली. ‘स्मार्ट’ कामं तो फार्महाऊसवर बरीच करतो.

त्याच्या मते सगळा घोळ बल्बपासून सुरू होतो. लोक आधी आवाजावर चालणारा बल्ब आणतात. तो चालायला भिंतीवरचं बटण कायम चालू लागतं. घरातली मोठी माणसं झोपायला जाताना सवयीने बटण बंद करतात, बल्बची वीजच तुटते, मग कितीही हाका मारा. डबा सांगतो की बल्ब प्रतिसाद देत नाही. मुलगा आईवर ओरडतो. “आई काय चुकली?” वायरमनचा सवाल. “लाईट बंद करायची तर बटणच बंद करणार ना?” त्यात वीज जाऊन रात्री तीनला परत आली की यांतले बरेच बल्ब आपोआप पूर्ण उजेडात लागतात. एका घरातल्या आजोबांनी त्यानंतर बल्बच काढून ठेवला होता.

म्हणून तो बल्ब लावत नाही. बोर्डाच्या मागे लहानसा मॉड्यूल बसवतो. त्याने बटणही चालतं आणि आवाजही. मॉड्यूलला न्यूट्रलचा तार लागतो. ज्या बोर्डात सॉकेट असतं तिथे तो आलेलाच असतो, नुसत्या बटणांच्या जुन्या बोर्डात ओढून आणावा लागतो. यातले बहुतेक मॉड्यूल २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, आणि नवा राऊटर फोनला पाचवर ढकलतो, तिथे जोडणी अडते. दगडी भिंतींच्या बंगल्यांत तर तेही पलीकडच्या खोलीत पोचत नाही. अ‍ॅमेझॉनने डिसेंबर २०१९मध्ये भारतासाठी बॅटरीचा स्पीकर काढला होता. पण वीज गेल्यावर स्पीकर बॅटरीवर जागा राहून उपयोग काय, राऊटर झोपलेला असतो. “इन्व्हर्टरवर आधी राऊटर घ्या, मग पंखा,” असं वायरमन सांगतो आणि लोक पंखाच आधी घेतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत इथे वीज जाण्याला कुणी बातमी मानत नाही.

कुणाला काय दिसतं

स्पीकर घरात मधोमध असतो. त्याचं खातं एकाच्या फोनमध्ये. हाकेनंतर जे जे त्याने ऐकलं, ते त्या फोनमधल्या अ‍ॅपमध्ये तारीखवार, अक्षरांत आणि बहुधा आवाजासकट दिसतं. पुसायची सोय आहे, पण तीही त्याच फोनमध्ये. कडावच्या थोरल्याला हे माहीत नव्हतं. मी दाखवलं तेव्हा त्याने यादी वर सरकवत नेली, दुपारच्या गाण्यांपाशी थांबला, बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “माझं नाही ते.” धाकटी जाऊ चुलीपाशी होती. ती काही बोलली नाही. यादी तिथेच बंद झाली.

यंत्र चुकून काय काय करू शकतं, त्याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या पोर्टलँडचं आहे. २०१८मध्ये तिथल्या एका जोडप्याचं घरातलं बोलणं मुद्रित होऊन नवऱ्याच्या हाताखालच्या माणसाला गेलं. हाक ऐकल्याचा भास, मग ‘संदेश पाठव’ ऐकल्याचा भास, मग नावाचा, मग ‘हो’चा, असं कंपनीने सांगितलं. मुलांची ध्वनिमुद्रणं हवी तितकी साठवून ठेवल्याच्या आरोपावरून अमेरिकी सरकारने मे २०२३मध्ये अ‍ॅमेझॉनला अडीच कोटी डॉलरचा दंड लावला. आपल्याकडे त्याच वर्षी वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. तो कंपन्यांना लागतो. पण एखाद्या व्यक्तीने निव्वळ खासगी किंवा घरगुती कामासाठी वापरलेली माहिती त्या कायद्यातून वगळलेली आहे. तेव्हा कंपनीने काय ठेवावं यावर बंधन; थोरल्या भावाने काय पाहावं यावर नाही.

भावाभावांत हे भांड्याला भांडं लागण्याइतकंच राहतं. घराच्या वाटण्या झाल्या की खातं ज्याचं त्याचा डबा, इतकं सोपं. अवघड जागा वेगळी आहे.

सोमवार ते शुक्रवार

कोंदिवड्याच्या वाटेवरचा एक बंगला. मालक मुंबईचे, त्यांना इथे सगळे ‘शेठ’ म्हणतात. राखणदार, त्याची बायको आणि दोन मुलं मागच्या खोलीत राहतात. पण स्वयंपाकघर, व्हरांडा, झाडझूड, सगळं त्यांच्याच हातात. दिवाणखान्यात एक स्पीकर, स्वयंपाकघरात एक. शेठनी मुलांना वापरायला मोकळीक दिली आहे आणि मुलं वापरतातही: पाढे विचारतात, कुत्र्यासारखं भुंकायला लावतात. उत्तर प्रदेशात बस्तीमध्ये २०२४ साली एका मुलीने माकडं घरात शिरल्यावर अलेक्साला असंच भुंकायला लावून त्यांना पळवलं, ती गोष्ट त्यांनी व्हिडिओत पाहिली होती. इकडेही माकडं येतात. स्पीकर आत असतो आणि माकडं आंब्यावर, त्यामुळे जमलेलं नाही.

राखणदाराची बायको भाजी निवडत होती. मी अ‍ॅपमधल्या यादीचं सांगत होतो, तशी तिचे हात थांबले.

“म्हणजे आम्ही बोललेलं शेठना दिसतं?”

हाक ऐकून दिवा लागल्यावर जे बोललं जातं ते, मी म्हणालो. पोरांचे पाढे दिसतील. नुसतं आपसांतलं बोलणं सहसा नाही.

“सहसा म्हणजे?”

चुकून दिवा लागला तर, असं मी सांगितलं. वरचं माईकचं बटण दाखवलं. दाबलं की लाल दिवा लागतो आणि ऐकणं बंद. तिने दाबून पाहिलं, परत दाबलं. मग विचारलं, हे बंद ठेवलेलं शेठना तिकडे कळेल का. मी म्हणालो, त्यांनी तिथून काही चालवायला घेतलं तरी कदाचित नाही. पण प्लगच काढला तर डबा बंद असल्याचं अ‍ॅपमध्ये दिसतं.

नवरा दारात उभा होता. “नको,” तो म्हणाला. “लगेच फोन येईल. बंद का म्हणून.”

“आला तर आला,” ती म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडू लागली. “लाईट गेली होती म्हणून सांगायचं. जातेच की.”